एकाच डिशवर आधी ढग, मग आकाशगंगा

रेडिओ लहरी पकडणारी छोटी डिश हाती आली की बहुतेक जण थेट आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरींमागे लागतात. आठवडाभर स्पेक्ट्रमची, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर किती सिग्नल येतो त्या आलेखाची, सपाट रेघ बघतात, मग डिश कोपऱ्यात जाऊन पडते. माझंही तेच झालं होतं. हायड्रोजनचा सिग्नल न दिसण्याची दहा कारणं असू शकतात आणि सपाट रेघ त्यातलं एकही सांगत नाही. हवामान उपग्रह मात्र हातोहात निकाल देतो. ढगांचं चित्र उमटलं म्हणजे डिश, फीड (डिशने गोळा केलेली लहर टिपणारा भाग), केबल, रिसीव्हर सगळं जागेवर आहे. शिवाय दोघांच्या वारंवारता जवळजवळ आहेत. हे उपग्रह १६९० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, हायड्रोजन १४२०.४ वर. तेव्हा डिश आणि रिसीव्हर तोच ठेवून आधी ढग पकडू.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये १३७ मेगाहर्ट्झवर ‘नोआ’ या अमेरिकी हवामान संस्थेचे उपग्रह ऐकायला सांगितलेलं असतं. त्यातले उरलेले तिन्ही, १५, १८ आणि १९ क्रमांकांचे, २०२५ मध्ये बंद झाले. त्या नादाला लागू नका. आपल्याला हवा भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, मग डिश फिरवत बसावी लागत नाही. अमेरिका खंडांवर गोज-१९ (७५.२° पश्चिम) आणि गोज-१८ (१३७° पश्चिम) आहेत, दोन्ही १६९४.१ मेगाहर्ट्झवर. आशिया-पॅसिफिकवर कोरियाचा जीके-२ए (१२८.२° पूर्व) आहे, १६९२.१४ वर. तुमच्या आकाशात क्षितिजाच्या वर जो असेल तो धरा.

डिश

मीटरभर व्यासाची, मध्यभागी फीड असलेली गोल डिश सगळ्यात सोपी. जाळीची असली तरी चालते, फक्त भोकं दीड सेंटीमीटरहून मोठी नकोत. फीड कुठे बसवायचं ते मोजून काढता येतं. व्यासाचा वर्ग घ्या आणि त्याला खोलीच्या सोळापटीने भागा. १०० सेंटीमीटर व्यास आणि १६ सेंटीमीटर खोली असेल, तर नाभी, म्हणजे लहरी एकवटतात ती जागा, तळापासून ३९ सेंटीमीटरवर येते. टीव्हीची ऑफसेट डिश वापरणार असाल तर हे सूत्र तिला लागू नाही. तिथे मूळ एलएनबी (टीव्हीचा सिग्नल टिपणारा, दांड्याच्या टोकाचा भाग) जिथे होता तिथेच फीड धरा. आणि लक्षात ठेवा, अशी डिश जिकडे तोंड करून उभी दिसते त्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर बघत असते.

गुळगुळीत, चकचकीत डिश कधीही सूर्याकडे रोखू नका. फीड वितळतं, हात भाजतो.

दोन डबे

फीड म्हणून पत्र्याचा गोल डबा उत्तम चालतो. एका टोकाला तळ, दुसरं टोक उघडं, लांबी २५ ते ३० सेंटीमीटर. उपग्रहासाठी १२ सेंटीमीटर व्यासाचा घ्या. तळापासून ८.८ सेंटीमीटरवर भोक पाडून कनेक्टर बसवा आणि त्याच्या मधल्या पिनेला ४.३ सेंटीमीटरची तांब्याची जाड तार सोल्डर करा. हायड्रोजनसाठी दुसरा डबा हवा, १५ सेंटीमीटर व्यासाचा. त्यात भोक ९.३ सेंटीमीटरवर, तार ५.३ सेंटीमीटर. एकाच डब्यात दोन्ही भागवायचा मोह होतो, पण १२ सेंटीमीटरच्या डब्यात २१ सेंटीमीटरची लहर शिरतच नाही. गोल नळीला खालची मर्यादा असते आणि तो डबा जेमतेम तिच्याखाली राहतो.

डिशची नाभी डब्याच्या तोंडाच्या किंचित आत यायला हवी.

एलएनए फीडपाशीच

इथे मी दोन आठवडे घालवले. एलएनए, म्हणजे कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, मी सोयीसाठी लॅपटॉपजवळ लावला होता. दहा मीटर केबलने अशक्त सिग्नल आधीच खाल्ला होता आणि एलएनए उरलेला गोंगाट इमानेइतबारे मोठा करत होता. तो डब्याच्या कनेक्टरलाच जोडा. त्याच्यासोबत त्या वारंवारतेचा फिल्टरही हवा, नाहीतर मोबाइल टॉवर रिसीव्हरला बहिरं करतात. फिल्टर आणि एलएनए एकत्र असलेले तयार संच मिळतात, उपग्रहासाठी वेगळा आणि हायड्रोजनसाठी वेगळा. वीज केबलमधूनच जाते. त्यासाठी आरटीएल-एसडीआरमध्ये, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या छोट्या रिसीव्हरमध्ये, बायस-टी (केबलमधून वीज पाठवणारी सोय) असावा आणि तो सॉफ्टवेअरमधून चालू करावा लागतो. तो विसरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

आता एक साधी परीक्षा. डिश मोकळ्या आकाशाकडे धरा, मग जमिनीकडे. जमीन गरम असते, ती रेडिओतही ‘उजळ’ दिसते. गोंगाट दोन-तीन डेसिबल तरी वाढायला हवा. नाही वाढला तर पुढे जाऊ नका, आधी जोडण्या तपासा.

ढग

उपग्रहाची दिशा आणि उंची कुठल्याही डिश-जुळवणीच्या अ‍ॅपमध्ये मिळते. डिश तिकडे वळवा. मीटरभर डिशचा झोत या वारंवारतेला सुमारे १२ अंशांचा असतो. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश, म्हणजे पहिला नेम डोळ्यांनीच लागतो.

सॅटडंप हे मोफत सॉफ्टवेअर उघडून तुमच्या उपग्रहाची प्रक्रिया निवडा, सॅम्पल रेट २.४ मेगा ठेवा. पडद्यावर ठिपक्यांचा एकच गोळा दिसेल. आता डिश अंशाअंशाने हलवा, सिग्नल-गोंगाट प्रमाण सगळ्यात जास्त होईल तिथे थांबा. मग डबा स्वतःभोवती हळूहळू फिरवा, कारण लहरीची कंपनदिशा तारेच्या दिशेशी जुळावी लागते. शेवटी डबा सेंटीमीटरभर पुढेमागे करा. जुळलं की गोळा फुटून दोन वेगळे पुंजके होतात आणि डीकोडर हिरवा होतो. थोड्या वेळाने पडद्यावर अख्खी पृथ्वी उतरते. ३६,००० किलोमीटरवरून आलेली, आणि अँटेना काय, तर डबा.

आकाशगंगा

डबा आणि एलएनए बदला, बाकीची जोडणी तीच ठेवा.

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनची फिरक उलटली की १४२०.४०६ मेगाहर्ट्झची लहर सुटते. एकटा अणू असं करायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं घेतो, पण आकाशगंगेत अणूंना तोटा नाही. १९५१ मध्ये हॅरॉल्ड इवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली, तीही प्लायवूडच्या कर्ण्यावर तांब्याचा पत्रा लावून.

रिसीव्हर १४२०.० वर लावा. बरोबर मध्यभागी एसडीआरचा स्वतःचा, काट्यासारखा टोकदार खोटा सिग्नल उभा राहतो, रेषा त्याच्यापासून दूर हवी. आपोआप गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते रिसीव्हरने स्वतः ठरवणं) बंद करून एकच आकडा पक्का ठेवा. २.४ मेगाहर्ट्झचे १०२४ भाग पाडून पाच मिनिटांची सरासरी काढा. आधी डिश आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर रोखून एक नोंद घ्या. ही फिल्टरची स्वतःची वळणं. मग हंस तारकासमूहाकडे वळवून दुसरी घ्या आणि दुसरीला पहिलीने भागा. उरतो तो उंचवटा हायड्रोजनचा.

तो बरोबर १४२०.४०६ वर बसत नाही. सेकंदाला १ किलोमीटर वेगाला ४.७ किलोहर्ट्झ सरक, जवळ येणारा वायू वरच्या बाजूला, दूर जाणारा खाली. हंसाच्या दिशेला अनेकदा एकाहून जास्त उंचवटे दिसतात, कारण आकाशगंगेच्या वेगवेगळ्या भुजा वेगवेगळ्या वेगाने सरकत असतात. पृथ्वीची स्वतःची सूर्याभोवतीची सेकंदाला ३० किलोमीटरची धाव मात्र वजा करायला हवी, नाहीतर ऋतूप्रमाणे आकडे बदलत राहतील.

आपल्याला खरंच आकाश दिसतंय का, याचा पुरावा हवा असेल तर डिश एका जागी घट्ट बांधा आणि पंधरा दिवस नोंद चालू ठेवा. तारे रोज ४ मिनिटं लवकर येतात. उंचवटाही पंधरा दिवसांत तासभर आधी येऊ लागला, तर तो आकाशगंगेचा. रोज घड्याळ लावल्यासारखा त्याच वेळी आला, तर घरातला कुठला चार्जर तेव्हा चालू होतो ते शोधा.