स्मार्टवॉचवर बीपी कसं पाहावं: सगळा खेळ कॅलिब्रेशनचा

मनगटावरची बहुतेक घड्याळं बीपी मोजत नाहीत. ती हिरवा प्रकाश कातडीत सोडतात, परत येणाऱ्या प्रकाशावरून नाडीच्या लाटेचा आकार टिपतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. या अंदाजाला आधार असतो तो दंडाच्या मशीनवर घेतलेल्या आकड्यांचा, आणि ते आकडे तुम्हीच घड्याळाला दिलेले असतात. हे आकडे देणं म्हणजेच कॅलिब्रेशन. म्हणून ‘कुठलं घड्याळ घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारते, ‘घरात दंडाला पट्टा बांधायचं मशीन आहे का?’ नसेल, तर घड्याळ राहू द्या आणि मशीन घ्या.

मशीन घेताना ब्रँडच्या आधी स्वतःच्या दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा, कारण तोकडा पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो.

आता घड्याळाविषयी. मनगटावर खरोखर हवा भरून दाब घेणारी घड्याळं आहेत, ओमरॉनचं हार्टगाइड किंवा हुआवेचं वॉच डी ही त्यातली. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचसारखी घड्याळं पट्ट्याच्या मशीनवर कॅलिब्रेट करावी लागतात. ॲपल वॉच आकडा देतच नाही. 2025 मध्ये आलेली त्याची सोय तीस दिवसांची माहिती पाहून ‘तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो’ एवढाच इशारा देते, आणि ज्यांना आधीच बीपीचं निदान झालंय त्यांच्यासाठी ती नाहीच. म्हणजे गोळी चालू असलेल्या काकांना या सोयीसाठी ॲपल वॉच भेट देण्यात अर्थ नाही. उरली ती ऑनलाइन सेलमधली स्वस्त घड्याळं. ती कॅलिब्रेशन वगैरे काही न विचारता बटण दाबताच 120/80 च्या आसपासचा गोड आकडा देतात. असं घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहा. काही घड्याळं टॉवेललाही नाडी बहाल करतात! यांच्यावर मी यापुढे एक शब्दही खर्च करणार नाही.

ॲप टाका, घड्याळ जोडा, वय-वजन भरा. घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, सैल नाही आणि करकचूनही नाही. झालं.

आता कॅलिब्रेशन

इथेच लोक घाई करतात. ‘दोन मिनिटांत सेटअप’ दाखवणारे व्हिडिओ तर डोक्यात जातात, कारण त्यात माणूस बोलत बोलत बीपी घेताना दिसतो. बोलताना बीपी वर जातं. दुकानदाराने वजनकाटाच चुकीच्या मापावर लावला तर दिवसभराची सगळी वजनं चुकतील, तशी इथे पुढच्या महिनाभराची सगळी रीडिंग्ज चुकतात.

वेळ सकाळची ठेवा. लघवीला जाऊन आल्यावर, गोळीच्या आणि चहाच्या आधी. चहा, तंबाखू, सिगारेट, जिन्याची चढउतार यातलं काहीही झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या, पलंग किंवा सोफा नको. पावलं जमिनीवर सपाट, पाय पायावर नाही. पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही वर सरकवून तिचा दंडावर घट्ट वळ होत असेल तर शर्ट काढा, लाजू नका. मग पाच मिनिटं गप्प. या पाच मिनिटांत फोन पाहायचा नाही, टीव्हीवरच्या चर्चेचा आरडाओरडा नको, आणि घरच्यांनी ‘किती आलं?’ विचारायचं नाही. आमच्याकडे हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

घड्याळ एका मनगटावर आणि पट्टा दुसऱ्या हाताच्या दंडावर. एकाच हाताला दोन्ही बांधलंत तर पट्टा फुगल्यावर खालचा रक्तप्रवाह थांबतो आणि घड्याळाला वाचायला नाडीच मिळत नाही. दोन्ही हात टेबलावर असे टेकवा की पट्टा आणि घड्याळ दोन्ही छातीच्या मध्यापर्यंत उंच राहतील. गरज पडली तर खाली उशी घ्या. हात हृदयापासून दहा सेंटिमीटर खाली राहिला तर केवळ गुरुत्वाकर्षणामुळे सात-आठ अंक वाढतात. त्यात बीपीचा काही दोष नसतो.

ॲप साधारण तीन रीडिंग मागतं. त्याआधी मशीनवर एक फुकटचं रीडिंग घेऊन सोडून द्या. पहिलं बहुतेक वेळा जास्त येतं, पट्टा आवळल्याची धास्ती त्यात असते. मग एकेक मिनिट थांबून तीन घ्या आणि मशीनवर दिसेल तोच आकडा टाका. 137 ला 135 करू नका, 88 ला 90 करू नका. आणि ‘हे जरा जास्तच आलं’ म्हणून मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत बसू नका. घड्याळाला तुम्ही खोटं शिकवलंत तर ते तेच खोटं महिनाभर तुम्हाला परत सांगणार.

मला सगळ्यात जास्त छळलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. वडिलांचं घड्याळ सगळं नीट करूनही मशीनशी जुळेना, आणि फरक दरवेळी एकाच दिशेने. घड्याळात बिघाड नव्हता, मशीनमध्येही नव्हता. त्यांच्या दोन दंडांतच फरक होता. कॅलिब्रेशन उजव्या दंडावर व्हायचं, आणि नंतर पडताळताना ते सवयीने डाव्या दंडाला पट्टा बांधायचे. म्हणून आता माझा नियम असा: घड्याळाला हात लावायच्या आधी दोन्ही दंडांवर बीपी घ्या, दोन वेगवेगळ्या दिवशी. ज्या दंडावर जास्त येतं तो कायमचा पट्ट्याचा दंड, दुसरं मनगट घड्याळाचं. वरच्या आकड्यात दोन दंडांमध्ये सतत दहाहून जास्त फरक येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यामागे रक्तवाहिनीतला अडथळा असू शकतो, आणि तो शोधणं हे घड्याळाचं काम नाही.

कॅलिब्रेशन झालं की लोक समजतात काम संपलं. खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन दिवसांत असते. सकाळी गोळीच्या आधी, दुपारी, संध्याकाळी, अशा वेगवेगळ्या वेळी आधी मशीनवर आणि लगेच घड्याळावर मोजा. दोघांत चार-पाच अंकांचा फरक असू द्या, त्यावर डोकं खपवू नका. बघायचं ते हे की मशीनचा आकडा हलला की घड्याळाचाही हलतो का. मशीन 152 म्हणतंय आणि घड्याळ कॅलिब्रेशनच्या 134 ला चिकटून बसलंय, तर ते तुमचाच आकडा तुम्हाला ऐकवतंय. पुन्हा एकदा कॅलिब्रेट करून पाहा. तरीही तेच झालं, तर ते घड्याळ पावलं मोजायला वापरा.

सॅमसंगमध्ये दर 28 दिवसांनी कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. गोळी बदलली, डोस कमी-जास्त झाला किंवा घड्याळ दुसऱ्या हातावर गेलं, तर 28 दिवसांची वाट पाहू नका. ठोके अनियमित पडणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी घड्याळाच्या बीपीच्या नादाला लागूच नये. त्यांनी कुठल्या मशीनवर मोजायचं, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आकड्यांचं काय करायचं

घड्याळाचा उपयोग कल पाहण्यापुरता. सुट्टीच्या दिवशी खाली आणि ऑफिसच्या दिवशी वर, लोणचं-पापड झालेल्या आठवड्यात वर, असं काही दिसलं तर ते कामाचं. गोळी वाढवायची की सोडायची हे घड्याळावरून ठरवायचं नाही. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शननेही 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विनापट्ट्याच्या उपकरणांवरून निदान किंवा उपचार करू नयेत असंच म्हटलं आहे. दिवसातून दहादा मोजू नका. घाबरून मोजलेलं बीपी वरच येतं, ते पाहून आणखी घाबरायला होतं.

डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस मशीनवर मोजा. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एकेक मिनिट. पहिला दिवस सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल तर ते उच्च रक्तदाबात धरतात. ही सरासरी एका कागदावर लिहून न्या. घड्याळाचे चाळीस स्क्रीनशॉट डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर ओतू नका, ते कोणी वाचत नाही.

घड्याळाने अचानक 180/120 च्या वर दाखवलं तर बसा, पाच मिनिटं थांबा आणि मशीनवर घ्या. मशीनवरही तेवढंच आलं पण त्रास काही नाही, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा, बोलताना जीभ अडखळणं किंवा दिसायला अंधुक होणं यातलं काहीही असेल तर मशीन शोधत बसू नका, थेट 108.

आणि मशीन वर्षातून एकदा दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांच्या उपकरणाशी ताडून घ्या, पट्ट्याची नळी कुठे चिरली आहे का तेही बघा. हवा गळत असेल तर नवा पट्टा वेगळा विकत मिळतो.