इंजिनिअर वडिलांवर स्मृतिलेख लिहिताना

पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या वडिलांवर लिहिताना पदे आणि बदल्या एका वाक्यात उरकाव्यात. खरा ऐवज त्यांच्या जुन्या डायऱ्यांत असतो. पावसाळ्यापूर्वी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) काढून पुराला वाट मोकळी करायची आणि पावसाळा सरताच ते पुन्हा बसवून पाणी अडवायचे, हे त्यांचे वर्षचक्र घरातल्या सणावारांशी आणि मुलांच्या परीक्षांशी कसे गुंतले होते, ते आईला विचारून सविस्तर लिहावे. श्रद्धेसाठी विशेषणे टाळून (‘धर्मपरायण’ तर प्रत्येक श्रद्धांजलीत असतेच) एखादा प्रसंग द्यावा: कोल्हापूरच्या मंदिरातल्या किरणोत्सवात मावळतीचे किरण अंबाबाईच्या चरणांशी पोहोचत, तेव्हा आमचे वडील हात जोडत आणि मनातल्या मनात सूर्याचा कोनही मोजत. तारखा मात्र सेवापुस्तकावरून पडताळाव्यात.