कोकण किनाऱ्यावर निसर्ग दाखवण्याचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

हे काम करायचंय म्हणून विचारायला येणारी मुलं-मुली बहुधा पक्ष्यांची नावं पाठ करून आलेली असतात. कॅमेरा असतो, दुर्बीण असते, मोबाइलमध्ये मर्लिन आणि ई-बर्ड ही पक्षी ओळखायची-नोंदवायची अ‍ॅप असतात. हे सगळं लागतं, पण नंतर. किनाऱ्यावर आधी पाणी शिकावं लागतं. ताडोबाच्या गाइडला गेट उघडायची वेळ माहीत असली की त्याचा दिवस ठरतो. आपली वेळ मात्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

मच्छीमारांच्या घरातल्या पोरांना जो हिशेब येतो तो पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बुकिंग घेताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच. पण फोनवर कुणी तारीख विचारली की उत्तर डोक्यात तयार हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाणी थोडंच चढतं-उतरतं, तेव्हा खडक धड उघडेच पडत नाहीत. खडकावरची फेरी न्यायला माझ्या मते द्वितीया-तृतीयेची सकाळ सगळ्यात चांगली. ओहोटीचा तळ साडेसात-आठच्या सुमारास येतो, ऊन चढलेलं नसतं आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाल तसा हा उतार कमी होतो. मुंबईकडे उधाणाला जेवढा खडक उघडा पडतो तेवढा मालवणात पडत नाही. मुंबईत शिकून सिंधुदुर्गात काम करायला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खाडीचं गणित उलटं. खडकाला ओहोटी लागते, होडीला भरती. ठाणे खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो दाखवायला होडी न्यायची तर तळाला पुरेसं पाणी हवं, नाहीतर होडी चिखलात बसते. (हे अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. पाहुणे विचारतात.) वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी चालवून कांदळवन दाखवतात. नवीन माणसाने त्यांच्या होडीत एकदा तिकीट काढून बसावं. चिप्पी कोणती, तिवर कोणती, कांदळाची आधारमुळं कशी असतात हे त्या बोलता बोलता सांगून जातात. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, एवढी माहिती पुस्तकातूनही मिळेल. पण कुठल्या वळणावर वल्ह्याचा आवाज थांबवायचा, हे होडीतच कळतं.

आता खडकावरच्या फेरीबद्दल जरा सविस्तर, कारण नवीन माणसाला कमी भांडवलात सुरू करता येईल अशी हीच फेरी आहे. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. पाहुणे "अजून पाच मिनिटं" म्हणतात. ती पाच मिनिटं कधीच द्यायची नाहीत, मागची वाट भरून येते. गटात दहा-बारापेक्षा जास्त माणसं नकोत आणि सगळ्यांच्या पायात पकड असलेले बूट हवेत. शेवाळावर चप्पल घसरते.

पहिल्या डबक्यापाशी सगळ्यांना उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं काही बोलू नका. सावली पडली की सगळं लपतं, मग हळूहळू हलायला लागतं. "शंख चालतोय!" असं एखादं पोर ओरडतंच. तो शंखातला खेकडा, हर्मिट क्रॅब. आसपास रिकामा शंख असेल तर नशीब काढलंत. खेकडा त्या शंखाला आधी उलटापालटा करतो, तोंडाशी नांगी घालून आत चाचपडतो, कडेवरून फिरवतो. कधी नापसंत करून निघून जातो. पसंत पडला तर जुन्या शंखातून मऊ, वळलेलं पोट बाहेर काढून नव्यात शिरतो, आणि ते इतकं झटकन की अर्ध्या लोकांचं बघायचं राहून जातं. हे एकदा बघितलेल्या माणसाला "शंख गोळा करू नका" असं वेगळं सांगावं लागत नाही. नियमांची पाटी वाचून दाखवण्यापेक्षा हे बरं.

हात लावण्याबाबत मात्र कडक राहा. सुबक नक्षीचा निमुळता कोन शंख दिसला की लोक उचलायला धावतात. आतला जीव जिवंत असेल तर तो विषारी दात मारतो. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची चटई पसरलेली दिसते ते झोअँथिड नावाचे समुद्री जीव, त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं. दगड उलटला तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात मरतात. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालायचं, म्हणजे पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असलं तर आधीच सरकतं.

डॉल्फिनच्या होड्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंत आपल्याला दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्याजवळच राहणारे. एक पाठ दिसली की चार होड्या इंजिन फुंकत तिकडे धावतात आणि डॉल्फिन बुडी मारून भलतीकडे निघतो. पाहुणा विचारतो, "नाही दिसला तर पैसे परत ना?" याला बुकिंगच्या वेळीच स्वच्छ "नाही" म्हणा. प्राण्याची हमी दिलीत की पाठलाग करायची जबाबदारी तुमच्यावर आली. त्यापेक्षा सकाळी, जमिनीकडून येणारा मतलई वारा असताना आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुटायच्या आत निघा. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, इंजिन मंद ठेवायला सांगा, कळपाच्या वाटेत आडवं जायचं नाही, बाजूने समांतर राहायचं. हे सगळं तांडेलाशी आदल्या दिवशी चहावर बोलायचं असतं. पाहुण्यांसमोर होडीत त्याला शिकवायला गेलात तर तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

कासवांचंही तसंच. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं, तिथून हे किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते. अंडी जाळीच्या कुंपणात हलवली जातात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही, वाळूच्या तापमानावर ते अवलंबून असतं. म्हणून पाहुण्यांना किमान दोन दिवस राहायला सांगा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून संधी वाढते आणि गावातल्या घरांनाही चार पैसे मिळतात. पिल्लं सोडण्याचं काम वनखात्याचं आणि गावातल्या कासवमित्रांचं. आपलं काम दोरीच्या अलीकडे गर्दी थोपवणं आणि फ्लॅश बंद करायला लावणं. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा "हातात घेऊन एक फोटो" हा हट्ट कुणाचाही असला तरी चालवून घ्यायचा नाही.

रात्रीच्या फेऱ्या एकट्याने लगेच सुरू करू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, फुरसं हा विषारी साप भरपूर आहे, आणि ते इतकं लहान की बॅटरीच्या झोतातही चुकतं. विषावरची लस कोणत्या दवाखान्यात आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे फेरीआधी चौकशी करून ठेवायचं. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची आहे. आंबोलीत पावसात हमखास दिसणारा चापडा साप तिच्यात नाही. म्हणून तिथे पाहुण्यांना झुडपांपासून हातभर लांब ठेवा.

पैशाचं बोलू. हंगाम ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पहिल्या हंगामात फक्त यावर घर चालेल असं धरू नका. शेती, होम-स्टे, शाळांचे कार्यक्रम असं काहीतरी जोडीला हवं. ज्यांना टिकायचंय ते पावसाळ्यात डोंगराकडे वळतात. आंबोलीत बेडूक, आणि ऑगस्ट-सप्टेंबरला कातळसड्यांवर फुलं: सीतेची आसवं, गेंद. रत्नागिरीकडे त्याच सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, त्यामुळे फुलांत रस नसलेला पाहुणाही येतो. मात्र सडे बहुतेक खाजगी मालकीचे. मालकाला विचारूनच पाय ठेवा.

पहिलं वर्ष कुणातरी जुन्या माणसाबरोबर काढा, मदतनीस म्हणून. एकच पट्टा धरा, दोन-तीन किलोमीटरचा, आणि तो बाराही महिने बघा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. लाल काच लावलेली बॅटरी आणि ८×४२ ची साधी दुर्बीण पुरते, महागड्या लेन्सचं कर्ज काढू नका. पाहुण्यांना आदल्या दिवशी निरोप धाडायचा तो असा: कुठे भेटायचं, किती वाजता, ओहोटी कधी, पायात काय घालायचं, पाणी आणि टोपी आणा, उशीर झाला तर गट थांबणार नाही. शेवटचं वाक्य गाळू नका.