मामांची झडप आणि ती अंगठी

मामांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. अण्णांच्या बायपासच्या वेळी मी घातलेला घोळ पुन्हा नको, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. फाइल, आधार, विम्याचं कार्ड, चार्जर हे कोणी सांगायला नको. रक्तदाते मात्र आधीच गाठा, ऐन वेळी फोन कोणी उचलत नाही.

पहिलं काम अंगठी. अण्णांच्या तर्जनीत पुष्कराज होता, वीस वर्षं न निघालेला. आदल्या रात्री साबण लावला, खोबरेल लावलं, ढिम्म. आई म्हणाली, गुरूचा खडा आहे, असू दे. आमच्या हट्टापायी सिस्टरने वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि मी सुटलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आयसीयूत बोट वांग्यासारखं टम्म, जांभळं, अंगठी मांसात रुतलेली. शेवटी कटरने कापली. दोन तुकडे कागदात गुंडाळून आईच्या हातात दिले, तर ती अपशकुन म्हणून तिथेच रडायला लागली.

चूक आमचीच. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम हार्ट-लंग मशीन करतं; त्यात रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, शरीराला ते परकं वाटतं. पांढऱ्या पेशी आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं खवळतात, अंगभर दाह उठतो, बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. त्यात मशीन भरायला घातलेलं लिटर-दीड लिटर सलाइनसारखं द्रावण अंगातच जातं. म्हणून पापण्या, ओठ, बोटं सुजतात, वजन काही किलोंनी वाढतं, पहिले एक-दोन दिवस थोडा तापही येतो. बहुतेकांची सूज काही दिवसांत लघवीवाटे ओसरते. अंगठीला हे कोण सांगणार? मामांना इतवारीच्या सराफ्यात नेऊन त्यांची अंगठी आधीच कापून आणा. मामींनीही आठवण करावी, देवाचं कडं असलं तरी तेही काढायचं.

मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास करतात, पण मामांची झडप छाती उघडून बदलायची आहे, तिथे मशीन टळत नाही. मेव्हणे मागे विचारत होते, मग हा दाह दाबायला आधीच स्टेरॉइड का नाही ठोकत? 2015 मध्ये साडेसात हजार रुग्णांवरचा अभ्यास छापून आला, त्यात मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन मृत्यू काही कमी झाले नाहीत. तेव्हा डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका.

औषधांची यादी खरी सांगा. गुडघ्यासाठी घेतलेल्या पुड्यासुद्धा; त्यांत कधीकधी स्टेरॉइड निघतं. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते सर्जनकडून लिहून घ्या, मनाने बंद करू नका. दात तपासून घ्या, किडक्या दातातले जंतू नव्या झडपेवर बसू शकतात. आणि अंगठी.

मामींना सुजलेल्या चेहऱ्याबद्दल आधीच सांगा. आयसीयूच्या दारात कळायला नको.

नंतरचं थोडक्यात: श्वासाच्या व्यायामाचा तीन चेंडूंचा डबा (स्पायरोमीटर) रोज तोंडाने श्वास आत ओढून वापरायचा, खोकताना छातीशी उशी धरायची, सदरे समोरून बटणांचे. रात्री बरळले तर सिस्टरला सांगा. घरी आल्यावर ताप चढला, जखमेतून पू आला किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

आत्ता मामांना फोन केला. म्हणाले, थोडी हलते रे, बघू सोमवारपर्यंत. मी म्हटलं, उद्या बाराला तयार राहा, सराफ्यात जाऊन येऊ.