ॲजिलिटी सुरू करायचीय? आधी एकटे जाऊन या

ॲजिलिटी म्हणजे तुमच्या इशाऱ्यावर कुत्र्याने उड्या, बोगदे, फळ्या असे अडथळे पार करायचा खेळ. त्याचा क्लब ठरवण्याआधी तिथला एक पूर्ण क्लास बघून या, आणि जाताना कुत्र्याला घरीच ठेवा. पहिलं हेच लिहितेय कारण मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं, थेट फी भरून कुत्र्यासकट हजर झाले आणि सगळं लक्ष त्याला आवरण्यात गेलं.

लसी, पाणी, पट्टा हे सांगायला नको. नखं कापलेली हवीत. ट्रीट मऊ आणि बारीक, चावत बसावं लागेल अशी नको. व्हेटला मात्र दाखवाच, सांधे तपासून घ्या, वजन जास्त असेल तर उड्यांच्या आधी ते उतरवा. पिल्लू असेल तर मुळीच घाई नको, हाडांची टोकं वाढत असतात तोवर कच्ची असतात, साधारण वर्ष-दीड वर्ष, मोठ्या जातींत त्याहून जास्त, एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेतसुद्धा 18 महिन्यांच्या आत उतरता येत नाही. तोवर उडीचा बार, म्हणजे आडवी दांडी, जमिनीवर, टनेल म्हणजे बोगदा, वळणं, आणि हाक मारली की परत येणं. हाकेला येत नसेल तर मैदानात मोकळं सोडणार कसं?

आता क्लब. परत सांगते, एकटे जा. कुत्र्यांचे पाय घसरतायत का बघा, ए-फ्रेम (छपरासारखा दोन्हीकडून उतार) आणि डॉग वॉक (उंचावरचा अरुंद पूल) यांच्या फळ्यांना पकड आहे का, टनेल वाळूच्या पिशव्यांनी दाबलाय का की कुत्रं आत शिरलं की तोच गडगडतो. पाय लागला की जंपचा बार पडलाच पाहिजे, घट्ट बसवलेला दिसला तर तिथूनच घरी. बारची उंची खांद्याच्या मापाने ठरते, सगळ्यांना एकच ठेवत असतील तर ते शिकवणं नाही, उरकणं आहे. सीसॉ नवख्यांना पहिल्याच दिवशी देतात का तेही बघा, ती फळी धाडकन आपटते आणि एकदा घाबरलेलं कुत्रं मग तिच्या जवळपासही जात नाही. आणि कुत्रं चुकलं की ट्रेनर काय करतो? ओरडतो, पट्ट्याला हिसका देतो, की सोपं करून पुन्हा करून घेतो? ज्यांचा नंबर यायचाय ती कुत्री सावलीत, लांब लांब आहेत की एकमेकांवर भुंकतायत? हे सगळं दोन्ही हात मोकळे असतील तरच दिसतं, म्हणून म्हणतेय कुत्र्याशिवाय जा. नुसतं बघायलाही येऊ देत नसतील तर विषय संपला.

एवढं झालं की बाकीचं पटपट. पहिल्या क्लासला पोट भरलेलं नको, आधी थोडं चालवून अंग गरम करून घ्या, तुमचे बूट न घसरणारे हवेत कारण पळायचंय तुम्हालाही. फेऱ्या छोट्या, मध्ये आराम, ऊन तापलं की बंद. लंगडलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. वीव्ह पोल्स (रांगेतल्या खांबांमधून नागमोडी पळणं), स्पर्धा, नियम वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका.