पार्ट नवा, खडखड जुनीच! गाडीचं सस्पेन्शन-स्टिअरिंग बदलताना या चुका टाळा

गाडीचा डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, नऊ महिन्यांत गेला. उजवा तीन वर्षं झाली तरी चालू आहे. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दुकानातून घेतलेले, डब्यावर पॅकिंगचा महिनासुद्धा एकच. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा मीच. हे मला नक्की माहीत आहे, कारण गाडीत कुठला पार्ट कधी आणि किती किलोमीटरला टाकला याची मी एक वही ठेवतो. घरचे हसतात, हसू द्या.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरी एक जुनी स्विफ्ट आणि शेतमालासाठी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. गावापासून डांबरी सडकेपर्यंत पांदण. डांबरी सडकसुद्धा काळ्या जमिनीवरची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून सडकेच्या कडा दरवर्षी खचतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गाडीखालचं रबर पोळत असतं. अशा ठिकाणी बाहेरचा पार्ट टिकत नाही, शोरूमचाच टाका, असं सगळे सांगतात. माझी वही वेगळं सांगते. बाहेरचे पार्ट लवकर गेले त्यांत खराब माल थोडाच निघाला. बाकीचे बसवताना मेले, नाहीतर बसवल्यावर आपणच मारले.

चाक लटकत असताना बुशचा बोल्ट कसणं

ही चूक पहिली घेतो, कारण त्या डाव्या आर्मचा जीव हिनंच घेतला. आर्म खोलला तेव्हा पुढच्या बुशचं (आर्म गाडीला जिथे जोडतो तिथल्या रबरी सांध्याचं) रबर मधल्या नळीपासून अर्धं फाटलेलं, आणि फाटलेलंही तिरकं, पिळून फाडावं तसं. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होतो. मिस्त्रीकाकांनी बुश हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "भाऊ, हे कोणं बसोलं होतं?"

हायवेवरच्या एका गॅरेजात घाईत बसवलं होतं, मी सांगितलं.

"चाक लटकत ठेवून कसलं असन. रबराले तवाच पीळ पडला. मंग ते किती दिवस टिकन?"

समजायला सोपं आहे. बुशमध्ये दोन लोखंडी नळ्या असतात आणि मधे रबर, दोन्हींना घट्ट चिकटवलेलं. बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी आवळली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच सरकत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लोंबतं आणि आर्मचं तोंड खाली असतं. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर लोंबलेल्या जागेला सरळ धरतं. गाडी जमिनीवर उतरली की उभ्या गाडीतच त्याला पीळ बसतो. वरून प्रत्येक खड्डा.

म्हणून बुशचे बोल्ट आधी हातानं लागतील तेवढेच लावायचे. मग गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, एक-दोनदा बॉनेट दाबून हलवायचं आणि त्यानंतर शेवटचं कसायचं. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर दुसरा जॅक बॉल जॉइंटच्या, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या गोल सांध्याच्या, खाली लावून चाक वर उचलायचं, गाडी स्टँडवरून किंचित उठेपर्यंत, आणि त्या स्थितीत कसायचं. मिस्त्रीला हे सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण सांगा. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही. छोट्या हत्तीच्या पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, रबरी बुश असतील तर त्यांनाही हाच नियम.

धुलाई सेंटरवर "खालून डिझेल मारून द्या" म्हणणं

आमच्याकडे ही सवय घराघरात आहे. पावसाळा संपला की गाडी धुवायची आणि खालून डिझेल किंवा जळालेलं ऑइल मारून घ्यायचं. गंज लागत नाही, करकर थांबते. करकर थांबते हे खरंच आहे, दोन-चार दिवस. पण बुश आणि माउंटिंग हे बहुतेक नैसर्गिक किंवा त्याच जातीचं रबर असतं, आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, पुढे चिरा जातात. पाट्यांवर तेल राहिलं तर त्यावर पांदणीचा धुराळा बसतो आणि घासणारा लेप तयार होतो. हे मीसुद्धा सहा वर्षं नेमानं करत होतो, पैसे देऊन.

साधं पाणी पुरतं. चिखल वाळून दगड होण्याआधी धुवावं, आणि प्रेशरचा फवारा बॉल जॉइंटच्या टोपणाच्या (वरच्या रबरी आवरणाच्या) कडेवर अगदी जवळून धरू नये. तो पाणी आत ढकलतो आणि ते बाहेर यायला जागा नसते.

ग्रीसचंही तसंच. किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक टांगणाऱ्या कडीच्या) निपलमध्ये, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडात, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. टोपण असलेल्या जॉइंटला निपल असेल तर टोपण किंचित फुगलं की थांबायचं. "मार अजून, टिकेल" म्हणत टोपण फोडून ठेवणारे भेटतात. फुटलेलं टोपण म्हणजे आत धुराळ्याला दार उघडं.

उंची वाढवायचे रबर आणि जास्तीचा पाटा

गाडी खालून घासते म्हणून कॉइल स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराचे गोल बसवतात. बसवल्यावर गाडी उचललेली दिसते, मालक खूश. तो वेढा मात्र दबायचा थांबतो आणि त्याचं काम उरलेल्या वेढ्यांवर पडतं. रबर जिथे बसतं तिथे चिखल अडकतो आणि रंग घासून निघतो. तिथून गंज, आणि गंजातून तडा. शॉकअपही कायम ताणलेल्या टोकाजवळ काम करतो, म्हणून खड्ड्यातून चाक खाली पडताना धाड् असा आवाज येतो. खाली घासत असेल तर आधी स्प्रिंग बसली आहे का ते पाहावं. दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजली की कळतं.

छोट्या हत्तीला जास्तीचा पाटा टाकणारे तर गावात चार आहेत. हिशेब बघा. डीएपीची बॅग ५० किलोची, पंधरा बॅगांचेच ७५० किलो होतात. या गाडीची ताकद साधारण तेवढ्याचीच. सोयाबीनच्या दिवसांत याच गाडीत दीड टन जाताना मी पाहिलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, नेलंही आहे. पाटा वाढवला की मागचा भाग बसत नाही एवढंच. अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि पुढची किंगपिन सगळे जुनेच असतात आणि ओझं त्यांच्याच डोक्यावर असतं. शिवाय रिकामी गाडी दगडासारखी कडक होते, सगळे दणके शॅकल पिनेला आणि चासीच्या हँगरला. आरसीवर लिहिलेलं वजनही पाट्यानं वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये दंड आहे. तेवढ्यात दोन फेऱ्यांचं भाडं सोडाच, हंगामाचा नफा जातो.

पाटे बदलले तर यू बोल्ट, म्हणजे पाटे अॅक्सलला आवळणारे बोल्ट, जुने लावू नका. ते एकदा ताणले गेले की पुन्हा तशी पकड देत नाहीत. नवे बसवल्यावर पहिली भरलेली फेरी झाली की परत एकदा कसून घ्या, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू बोल्टनं पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो, अॅक्सल सरकतो, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

शॉकअप

जोडीनंच बदला, हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसलेलं असं, की नवा शॉकअप डब्यात आडवा पडून असतो आणि आतल्या तेलात हवा मिसळलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा, पूर्ण ओढायचा. हे न करता बसवला की तो कचकच करतो आणि बिचारा दुकानदार शिव्या खातो.

दुसरं, वरचा नट काढताना चमकणारा दांडा पकडीनं धरू देऊ नका. एक ओरखडा पुरे आहे, सील तिथूनच कापलं जातं. जुनं फाटकं डस्ट कव्हर आणि चुरा झालेला बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारं रबर) नव्या शॉकअपवर चढवणं ही तर निव्वळ काटकसरीची हौस. आमच्या धुराळ्यात ते कव्हर शॉकअपइतकंच महत्त्वाचं.

टायरॉड एन्ड

टायरॉड एन्ड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. तो पुरता सैल होऊन सुटला तर चाक मनाला येईल तिकडे वळतं, म्हणून इथे "चालवून घेऊ" नाही. जॉइंटची निमुळती दांडी आणि ती बसते ते भोक, दोन्ही कोरडे पुसून बसवायचे, ग्रीस लावून नाही. स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट आणखी कसून जुळवायचा, ढिला करून कधीच नाही. आणि नायलॉनच्या कड्याचा नट असेल तर नवाच लावायचा.

जुना एन्ड काढताना आटे मोजून ठेवले तर गाडी अलाइनमेंटपर्यंत सरळ जाते. अलाइनमेंटला यवतमाळला जायचा कंटाळा मीही केला आहे. स्टिअरिंग सरळ होतं म्हणून दोन महिने तसंच चालवलं. टायर आतून असं खाल्लं की तार दिसली.

आवाज एकीकडे, पार्ट दुसरीकडे बदलणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. खडखड झाली की शॉकअप बदला, हा आमच्याकडचा ठरलेला सल्ला. माझ्या अनुभवात हळू चालताना बारीक खड्ड्यांवर येणारी कोरडी खडखड बहुतेकदा लिंक रॉडची (गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या दांड्याला जोडलेल्या छोट्या दांड्याची) असते. तो शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच धप्प आवाज आला तर लोअर आर्मचा बुश बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालताना कट-कट-कट आली तर तो सस्पेन्शनचा विषयच नाही, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आहे. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाटली तर स्ट्रटचं (शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीचं) वरचं माउंटिंग.

घरी तपासायला दोन माणसं आणि एक जॅक पुरतो. मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं चाक उचलून नीट टेकू द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात घालू नका. मग चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर टायरॉड किंवा रॅकच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या यंत्रणेच्या, बाजूला बघा. बारा आणि सहाला धरून खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटवर संशय घ्या. नंतर गाडी खाली उतरवून एकानं स्टिअरिंग थोडं-थोडं इकडे-तिकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं टायरॉडच्या जॉइंटवर बोटं ठेवायची. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना लागते.

फक्त डबा बघून घेणं

लोकल आणि नकली यांत फरक आहे. लोकल माल स्वतःच्या नावानं विकतो, नकली दुसऱ्याचं नाव चोरतो. आणि तिसरा प्रकार असा, की जे कारखाने गाडी कंपन्यांना पार्ट पुरवतात तेच स्वतःच्या डब्यातही विकतात. गॅब्रिएलचे शॉकअप, राणेचे स्टिअरिंगचे जॉइंट, जमनाचे पाटे असे मिळतात. त्यामुळे "बाहेरचा" या एकाच शब्दात तिघांना बसवू नका.

दुकानात पार्ट डब्याबाहेर काढून हातात घ्या. बॉल जॉइंट घट्ट पण सलग फिरला पाहिजे, कुठे अडकला किंवा ढिला लागला तर परत ठेवा. टोपणाची कडी नीट बसली आहे का बघा. बुशच्या रबराला नख लावा, आणि पॅकिंगचा महिना वाचा. टिनाच्या छपराखाली चार उन्हाळे काढलेलं रबर गाडीत बसायच्या आधीच म्हातारं झालेलं असतं. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे "बिल घेतलं तर २८ टक्के लागतील" हे ऐकून घेऊ नका. नऊ महिन्यांत पार्ट गेला तर बिलाशिवाय दुकानदाराला विचारायला तोंड राहत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते. त्या दुपारी मी गाड्यांखाली झोपतो. सोयाबीन आणि कापूस निघायच्या आत यू बोल्ट, शॅकल, टोपणं आणि लिंक रॉड एकदा हातानं बघून घेतो. यंदा उजवा लोअर आर्म ठीक निघाला. डाव्या लिंक रॉडच्या टोपणाला बारीक चीर दिसली. नवा आणून सीटखाली ठेवला आहे, मिस्त्रीकाका मोकळे झाले की बसवतील. वहीत किलोमीटरची जागा कोरी सोडली आहे.