आधी समुद्र, मग डोंगर : चार दिवसांची तंबू-भटकंती कशी आखावी

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, हरिहरेश्वर. बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, दापोली. मग खेडमार्गे रसाळगड, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, वाई, पुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. या वाटेवर वेळापत्रक किलोमीटरवर बसत नाही, ते भरती आणि सूर्यास्त ठरवतात.

म्हणून सर्वांत आधी दिनदर्शिका उघडा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता, पहाटेही आणि दुपारी-संध्याकाळीही. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावस्येला १५ धरायचे. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा गावातल्या कोळ्याला विचारून खात्री करा. हरिहरेश्वरची खडकावरची प्रदक्षिणा पाणी उतरत असतानाच करावी. भरती लागल्यावर तिथे उतरणारे लाटांनी ओढले गेले आहेत. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी गाडी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने जाते. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, चुकली तर खाडीला लांबलचक वळसा पडतो.

तंबूची जागा उजेडातच निवडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे साडेचारला पोहोचायला हवं. पुळणीवर शेवाळ आणि कचऱ्याची जी रेघ दिसते तिथवर पाणी येतं. उधाणाला आणखी वर. तिच्या बऱ्याच मागे, सुरूच्या कडेला, जागामालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून तंबू लावा. माडाखाली मात्र नाही, नारळ आणि झावळ्या विचारून पडत नाहीत. वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि पिशवी फूट-दीड फूट खोल आडवी पुरा. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे ठेवली की दोन्ही वेळा कापड कमी फडफडतं. झरोके बंद करून झोपलात तर श्वासातली वाफ आतून ठिबकते आणि सकाळी वाटतं, तंबूच गळका आहे.

गाडी पुळणीवर नेण्याचा मोह टाळा. चाक फिरवत राहिलं की ते रुततच जातं. रुतलीच तर चाकापुढची वाळू उपसा, हवा १५–१८ पीएसआयपर्यंत उतरवा, अलगद बाहेर काढा आणि डांबरीवर येताच पुन्हा भरा. त्यासाठी पंप हवा.

रसाळगडासाठी रसाळवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. वर झोलाई देवीचं मंदिर, तोफा आणि पाण्याची टाकी आहेत. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून घ्या. त्यावर विसंबू नका, माणशी रोज चार लिटर गाडीतच असू द्या. मुक्काम वाडीत परवानगी घेऊन अंगणात करावा. गडावर राहायला आणि चूल पेटवायला चालेल का, हे गावात आणि वनखात्याकडे विचारूनच ठरवा. धुराने आग्यामोहोळ उठतं, अत्तरानेही. सुमारगड आणि महीपतगड जोडायचे तर दोन दिवस वाढवा आणि वाटाड्या घ्या. रानातल्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि सुमारगडावर कातळटप्पा आहे. कोकणात फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो. दगडाखाली हात घालू नका, सकाळी बूट झटकून घाला. चावलंच तर पट्टी आवळणं, चिरणं काही नको; हालचाल कमीत कमी ठेवून १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

ताम्हिणी आणि पसरणी घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा. ब्रेकवर पाय दाबूनच उतरलात तर ब्रेकचं तेल उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. जळका वास येताच थांबा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. जड सामान गाडीत खाली, टपावर फक्त हलकं.

घरी पोहोचल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी आणि वाळू लोखंड खातं. तंबू पूर्ण वाळवूनच गुंडाळा, ओला ठेवला की आठवड्यात बुरशी धरते.